परदेशात घर घेताना परक्या माणसाने नक्की कशाला घाबरावं?

निळावंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही दोघांनी अकरा वर्षं देशोदेशी भाड्याच्या घरांत काढली. आता स्पेनमध्ये, आलिकांतेच्या बाजूला एक छोटं घर मनात भरलंय. दोन खोल्या, काचेने बंद केलेली गच्ची, मागे इवलासा पोहण्याचा तलाव. आम्ही तिथले नागरिक नाही आणि भाषा येते ती भाजी आणण्यापुरती. एजंट फार गोड माणूस आहे. वकील तोच देणार, कर्जाची बँक तोच सुचवणार, दुभाषीसुद्धा त्याच्याच ओळखीची. शिवाय रोज फोन: "दहा टक्के इसार भरून टाका, मागे दोन गिऱ्हाइकं उभी आहेत."

डागडुजी, शेजार, पाण्याचा दाब हे कुठेही घर घेताना बघतोच. मला हवंय ते वेगळं. आपण परके आहोत एवढ्याच कारणाने वाढतात असे धोके कोणते? ज्यांनी घेतलंय, विकलंय किंवा घेता घेता पळ काढलाय, त्यांनी सविस्तर लिहा.

---

आळशी अजगर

वकील त्याचा, बँक त्याची, दुभाषी त्याची. तुमचं काय, फक्त पैसे?

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

चष्मेबहाद्दर

निळावंतीताई, इसार भरला नसेल तर आधी हे वाचा. मोठा प्रतिसाद आहे, क्षमस्व.

गोष्ट स्पेनमधलीच आहे. अल्मेरिया प्रांतात वेरा नावाचं गाव आहे. तिथे एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याने घर बांधलं. नगरपालिकेचा परवाना रीतसर हातात होता. पुढे प्रादेशिक सरकारने म्हटलं की ही जमीन बांधकामाची नव्हेच, तेव्हा नगरपालिकेने दिलेला परवानाच बेकायदा. जानेवारी २००८ मध्ये घरावर यंत्रं चालली. त्या दोघांनी काही लपवलं नव्हतं. एका सरकारी कचेरीचा शिक्का दुसरी कचेरी मानत नाही, एवढीच त्यांची चूक. अंडालुसियात (अल्मेरिया याच प्रदेशात येतं) अशी अनियमित घरं हजारोंनी आहेत आणि त्यातली बरीच परदेशी लोकांनी घेतलेली. कारण सोपं आहे. गावातल्या माणसाला कुठली जमीन शेतीची आहे हे लहानपणापासून माहीत असतं. बाहेरच्याला फक्त समुद्र दिसतो.

समुद्रावरून आठवलं. १९८८च्या किनारा कायद्याने किनाऱ्यालगतचा पट्टा सार्वजनिक ठरला आणि त्यात येणाऱ्या घरांची मालकी जाऊन ठरावीक मुदतीचा वापर-हक्क उरला. जुनं खरेदीखत तसंच कपाटात, पण मालक आता सरकार. तुमचं घर किनाऱ्यापासून किती लांब आहे?

दुसरं, नोटरी. "नोटरीसमोर सही झाली म्हणजे सगळं तपासलं गेलं" ही परक्या गिऱ्हाइकाची हमखास समजूत. अमेरिकेत नोटरी म्हणजे सही तुमचीच आहे ना एवढं बघणारा साक्षीदार. स्पेन, फ्रान्स, इटलीत तो मोठा कायदेतज्ज्ञ असतो, पण तटस्थ. दस्त कायद्याला धरून आहे ना ते बघेल. हा सौदा तुम्ही करावा की नाही हे सांगणं त्याचं काम नाही. ते तुमच्या वकिलाचं काम, आणि तो वकील तुम्ही शोधलेला हवा.

तिसरं, काही देणी घरालाही चिकटून राहतात. आधीच्या मालकाने सोसायटीचा खर्च थकवला असेल तर चालू वर्ष आणि मागची तीन वर्षं इतकी थकबाकी स्पेनमध्ये नव्या मालकाच्या घराकडून वसूल होते. थकबाकी नसल्याचा दाखला सहीच्या दिवशी हातात हवा.

नोंदणी कार्यालयातला उतारा मागवलात का? त्याला 'नोटा सिंपले' म्हणतात. थोडक्या शुल्कात मिळतो.

---

निळावंती

नाही मागवला. एजंटने एक कागद दाखवला होता, पण तो स्पॅनिशमध्ये होता आणि मी मान डोलावली.

---

आळशी अजगर

ताई, मान डोलावणे ही जगातली सर्वात महाग सही आहे.

---

दर्यावर्दी

मी जहाजावर असतो, त्यामुळे घर घेण्याचा मोह दर बंदरात होतो. आजवर वाचलो. मित्र वाचला नाही, त्याची कथा.

थायलंडमध्ये परकीयाच्या नावावर जमीन होत नाही. कोंडोमिनियममधला फ्लॅट पूर्ण मालकीने घेता येतो, पण एका इमारतीतल्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालक चालतात. तेवढे भरले की नंतर आलेल्याला फक्त भाडेपट्टा. शिवाय पैसे बाहेरून परकीय चलनातच यावे लागतात आणि तसा बँकेचा कागद नोंदणीच्या वेळी दाखवावा लागतो. मित्राला फ्लॅट नको होता, बंगलाच हवा होता. मग "सगळे करतात" तो मार्ग निघाला. एक कंपनी काढायची, ५१ टक्के भाग स्थानिक लोकांच्या नावे आणि जमीन कंपनीच्या नावे. हे स्थानिक भागधारक त्याने आयुष्यात पाहिले नव्हते. त्यातली एक वकिलाच्या कचेरीतली टंकलेखिका होती हे त्याला चौथ्या वर्षी कळलं.

घर चांगलं होतं, राहायला काही त्रास नव्हता. विकायला काढल्यावर मात्र येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा वकील कंपनीचे कागद बघून पाय मागे घ्यायचा. नावापुरते भागधारक उभे करणं तिथे गुन्हा आहे. म्हणजे तो तक्रार घेऊन कुठे जाऊही शकत नाही. तक्रार केली की आधी हाच सापडतो.

ते तीस वर्षांचे पट्टे "तीस अधिक तीस अधिक तीस" म्हणून विकतात, त्यातले पहिले तीस खरे. पुढचे साठ म्हणजे मालकाने दिलेला शब्द. मालक बदलला की शब्द गेला.

---

भटकभवानी

घाबरवायचा कार्यक्रम जोरात चाललाय, म्हणून दुसरी बाजू. आम्ही २०१५ मध्ये लिस्बनला फ्लॅट घेतला. स्वतंत्र वकील, तीन महिने कागदपत्रं, एक कंटाळवाणी दुपार नोटरीकडे, झालं. आज सुखाने राहतोय.

दर्यावर्दी, तुमच्या मित्राने कायदा वाकवला आणि कायदा उलटला. याला परकेपणाचा धोका म्हणायचा की हावरेपणाचा? जमीन मिळत नाही म्हटल्यावर फ्लॅट घ्यायचा. विषय संपला.

---

दर्यावर्दी

@भटकभवानी, अर्धं मान्य. पण त्याला तो मार्ग वकिलानेच दाखवला, मोठ्या कचेरीत बसून, शिक्क्यानिशी. स्थानिक माणसाला अशी वाट कुणी दाखवतच नाही, कारण त्याला तिची गरज नसते. परक्यासाठी खास दुकान उघडलेलं असतं ते हेच.

---

चष्मेबहाद्दर

दर्यावर्दींना अनुमोदन. इंडोनेशियातही तोच प्रकार. पूर्ण मालकीचा 'हक मिलिक' फक्त तिथल्या नागरिकाला. बालीत लोक स्थानिक ओळखीच्याच्या नावावर जमीन घेतात आणि एक खाजगी करार करतात की खरा मालक मी. १९६०चा जमीन कायदा म्हणतो, आडमार्गाने परकीयाकडे मालकी नेणारा व्यवहार मुळातच रद्द आणि जमीन सरकारजमा. दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. म्हणजे तो खाजगी करार कोर्टात दाखवणं हाच स्वतःविरुद्धचा पुरावा.

उलट मेक्सिकोत निदान सरळ दार आहे. किनाऱ्यापासून ५० आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परकीयाला थेट मालकी नाही, पण बँकेच्या ट्रस्टमार्फत घेता येतं, ५० वर्षांसाठी आणि पुढे नूतनीकरण. तिथली खरी मेख 'एहिदो' जमीन. ती गावसमूहाची असते. खाजगी मालकीत आणण्याची रीतसर प्रक्रिया झाल्याशिवाय ती बाहेरच्याला विकताच येत नाही. तरी समुद्रकिनारी "स्वस्तात भूखंड" म्हणून तीच पुढे केली जाते.

---

जुना जोगी

दुबई. २००८. आणखी काही लिहायला हवं का?

बरं, लिहितो. २००२ पासून परकीयांना ठरावीक भागांत मालकी मिळू लागली आणि झुंबड उडाली. मी एका टॉवरचा एकविसावा मजला घेतला. घेतला म्हणजे कागदावर. खाली वाळू होती. तीन हप्ते भरले, मग जागतिक मंदी आली, भाव जवळजवळ निम्म्यावर आले आणि बिल्डरच्या कचेरीतला फोन वाजेनासा झाला. तोवर २००७चा नियम आला होता की गिऱ्हाइकाचे पैसे त्या प्रकल्पाच्याच राखीव खात्यात राहायला हवेत. माझे पहिले दोन हप्ते त्याच्या आधीचे. ते कुठे गेले ते वाळूलाच माहीत.

आता तिथे शिस्त पुष्कळ सुधारली आहे, खोटं बोलणार नाही. पण माझा धडा सगळीकडे लागू आहे. न बांधलेलं घर घेताना बिल्डरपेक्षा आधी त्या खात्याची चौकशी करा. पैसे कोणाच्या नावे, बाहेर कधी निघतात, बांधकाम थांबलं तर परत कोण देणार. स्पेनमध्ये १९६८ पासून कायदा होता की बिल्डरने आगाऊ रकमेला बँकेची हमी द्यावी. २००८ नंतर प्रकल्प कोसळले तेव्हा कित्येकांना कळलं की हमीचा कागद त्यांना कधी दिलाच नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पैसे स्वीकारणाऱ्या बँकांनाच जबाबदार धरलं, तेव्हा लोकांना परतावा मिळू लागला. सात वर्षांनी. परदेशात बसून सात वर्षं कोर्टाशी झुंजायची तयारी किती जणांची असते?

---

आळशी अजगर

जाता जाता, ती इटलीतली एक युरोची घरं कुणी घेतलीत का? माझ्याकडे एक युरो आहे.

---

कोरा कागद

@आळशी अजगर, घर एक युरोचं, पण ठरावीक मुदतीत डागडुजी करून देईन असं लिहून द्यावं लागतं आणि सहसा अनामतही ठेवावी लागते. मुदत चुकली की अनामत गेली. छपराचा खर्च ऐकून युरो खिशातच ठेवाल.

आता कामाचं. मी घरखरेदीच्या व्यवहारांचे पैसे इकडून तिकडे पाठवण्याच्या कामात आहे, म्हणून एकच गोष्ट सांगतो. सगळ्यात सफाईने होणारी लूट घराच्या कागदांत नसते, ईमेलमध्ये असते. चोर वकिलाच्या किंवा एजंटच्या ईमेलमध्ये शिरतो आणि महिनोन्‌महिने गप्प बसून वाचतो. सौदा जमला, रक्कम पाठवायची तारीख ठरली की त्या सकाळी ईमेल येतो: "लेखापरीक्षणामुळे आमचं खातं बदललं आहे, कृपया या नव्या खात्यात भरा." तीच भाषा, तीच सही, फाइलचा क्रमांकही बरोबर. स्थानिक माणूस उठून कचेरीत जातो. तुम्ही चार हजार मैलांवर असता, वेळेचा फरक असतो आणि इसार बुडेल म्हणून घाई असते.

उपाय साधा आहे. खाते क्रमांक पहिल्या भेटीत समोरासमोर लिहून घ्या. बदल कळला की तुमच्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करा, ईमेलखाली दिलेल्या नंबरवर नाही. माझ्यासमोर एका कुटुंबाची आयुष्याची पुंजी एका दुपारी तीन देशांतून फिरून नाहीशी झाली. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

मुखत्यारपत्राचंही तसंच. "येणं जमत नसेल तर पॉवर ऑफ अटर्नी द्या" असं सगळे म्हणतात. द्या, पण फक्त या एका घराची खरेदी एवढ्यापुरतं, तारखेसह. सरसकट अधिकाराच्या मुखत्यारपत्रात विकण्याचा आणि कर्ज काढण्याचाही अधिकार असतो.

---

सोनचाफा

कोरा कागद, बापरे. हे छापून फ्रिजवर लावते.

माझा अनुभव इंग्लंडचा, जिथे भाषा येते, कायदा जुना आणि सगळं पारदर्शक असं मी समजत होते. मँचेस्टरला भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेतला. जाहिरातीत "पाच वर्षं हमखास भाडं". नंतर उमगलं की ते हमीचं भाडं आधीच किमतीत घालून आमच्याकडूनच घेतलं होतं. पाच वर्षं त्यांनी आमचेच पैसे आम्हाला हप्त्याने परत केले.

ती मालकीही खरी मालकी नव्हती. तिथे फ्लॅट बहुतेक लीजहोल्ड असतात. जमीन आणि इमारत दुसऱ्याची, आपल्याकडे ठरावीक वर्षांचा हक्क. वर ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीच्या मालकाला दरवर्षी द्यायचं भाडं. काही करारांत ते दर दहा वर्षांनी दुप्पट होणारं. नव्या लीजवर ते २०२२ पासून बंद झालं, आमची लीज जुनी. मग १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसं गेली आणि देशभरच्या इमारतींचं बाहेरचं आवरण तपासणं सुरू झालं. आमच्या इमारतीचा दाखला नाही, म्हणून बँका त्यावर कर्ज देईनात. मूल्यांकन शून्य. भाडेकरू राहतोय, मेंटेनन्स वाढतोय, विकता येत नाही. हे तिथल्या लोकांनीही सोसलं, फक्त आमच्यावर अन्याय झाला असं नाही. पण ते रहिवाशांच्या सभेला जाऊन भांडत होते आणि आम्हाला सभेची तारीख कळायची ती सभा झाल्यावर.

---

फुकटफौजदार

एवढा उपद्व्याप करायचा कशाला? भाड्याने राहा. सूर्य तोच, समुद्र तोच. नळ गळला तर मालकाला फोन. हाकानाका.

---

भटकभवानी

@फुकटफौजदार, पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी खोकी भरून बघा, मग बोलू.

---

फुकटफौजदार

दिवे घ्या हो. पण एक प्रश्न आहेच. घर घेतलं म्हणून तिथे राहता येतं का?

---

चष्मेबहाद्दर

नाही. आणि हे विचारलंत ते फार बरं केलंत.

घराची मालकी आणि राहण्याचा परवाना या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. स्पेनमध्ये घरं असलेल्या हजारो ब्रिटिशांना हे ब्रेक्झिटने शिकवलं. तिथला रहिवास न घेतलेल्यांना १ जानेवारी २०२१ पासून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, बस. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर, दिवस मोजत.

गुंतवणुकीवर व्हिसा मिळायचा तोही आटत चाललाय. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग बंद केला, स्पेनने ३ एप्रिल २०२५ ला योजनाच गुंडाळली. तुर्कस्तानने नागरिकत्वासाठीची किमान किंमत २०२२ मध्ये अडीच लाख डॉलरवरून चार लाखांवर नेली. व्हिसासाठी घर घेणाऱ्याने हे धरून चालावं की घर राहील, योजना राहीलच असं नाही. अशा योजनांच्या भोवती "परदेशी भाव" म्हणून वेगळाच भाव तयार होतो. योजना गेली की तो भाव देणारं पुढचं गिऱ्हाईकही जातं.

---

घरकोंबडा

मी सहसा लिहीत नाही, पण वरच्यात एक भर.

घरं महागली की राजकारण्यांना कुणावर तरी कर लावायचा असतो. सगळ्यात सोपं माणूस कोण? ज्याला मत नाही तो. सिंगापूरने २७ एप्रिल २०२३ पासून परकीय खरेदीदाराचं जादा मुद्रांक शुल्क ३० टक्क्यांवरून ६० टक्के केलं. न्यूझीलंडने २०१८ मध्ये बहुतेक परकीयांना तयार घरं घेण्यास मनाई केली. कॅनडाने जानेवारी २०२३ पासून केली आणि मग मुदत वाढवून १ जानेवारी २०२७ पर्यंत नेली. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२५ पासून दोन वर्षं. हे नियम मुख्यतः नव्या खरेदीला लागतात, आधी घेतलेल्याचं घर कुणी काढून नेत नाही. पण तुमचं घर विकत घेऊ शकणारे परदेशी एका रात्रीत यादीतून उडाले, हा फटका बसतोच.

माझं स्वतःचं वेड जपानचं. तिथे परकीयाला मालकीला बंदी नाही. २०२३च्या पाहणीत सुमारे ९० लाख रिकामी घरं. स्वस्त घर बघितलं, लाकडी, अंगणात झाड. मालकी बघायला गेलो तर नोंद पणजोबांच्या नावावर आणि वारस चौदा, त्यातले दोन कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही. वारसाची नोंद सक्तीची झाली ती एप्रिल २०२४ पासून. शिवाय बांधकाम जून १९८१च्या आधीचं, म्हणजे भूकंपाच्या जुन्या नियमांचं. झाडाचा फोटो काढून परत आलो.

---

आळशी अजगर

चौदा वारसांच्या सह्या गोळा करता करता तुम्हीच पंधरावे झाला असतात.

---

टिपूर

विषय निघालाच आहे तर, मेल्यावरचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते.

सासऱ्यांचा फ्लोरिडात एक फ्लॅट होता. ते अमेरिकेचे नागरिकही नव्हते आणि रहिवासीही. ते गेल्यावर समजलं की अशा परकीयाच्या अमेरिकेतल्या मालमत्तेवर वारसा करात सूट फक्त ६०,००० डॉलरची. त्यांच्या नागरिकांना कोटीहून जास्त डॉलरची सूट आणि परक्याला साठ हजार. वर दर ४० टक्क्यांपर्यंत जातो. दोन देशांत करार असेल तर काही वेगळं होतं, आमच्या बाबतीत नव्हता. दुःखातून सावरायच्या आत फॉर्म, मुदती, भाषांतरं. फ्लॅट विकला तेव्हाही, विक्रेता परकीय म्हणून खरेदीदाराने किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून थेट कर खात्याकडे भरली. हिशेब होऊन जास्तीचे परत मिळाले, पण मधले महिने आमचे आम्हाला माहीत.

नावाचाही घोळ. पासपोर्टवर मधलं नाव होतं, खरेदीखतावर नव्हतं, मृत्यूच्या दाखल्यात स्पेलिंग तिसरंच. ही तिन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रं करावी लागली. सासरे असते तर हसले असते.

निळावंतीताई, स्पेनमध्ये मृत्युपत्र करा. युरोपात ऑगस्ट २०१५ पासून नियम आहे की माणूस नेहमी जिथे राहायचा तिथला वारसा कायदा लागतो, पण आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लागावा असं मृत्युपत्रात लिहून ठेवता येतं. लिहिलं नाही तर घराचा वाटा कुणाला किती हे दुसराच कायदा ठरवेल. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत.

---

सोनचाफा

टिपूर, वाचून गलबलले. आणि वाचनखूण साठवली.

---

जुना जोगी

चलनाबद्दल दोन ओळी. पगार एका चलनात, कर्ज दुसऱ्या, भाडं तिसऱ्या, असं कधी करू नका. पोलंडमध्ये लाखो कुटुंबांनी व्याज कमी म्हणून स्विस फ्रँकमध्ये गृहकर्जं घेतली होती. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँकवरची युरोशी बांधलेली मर्यादा सोडली, फ्रँक वधारला आणि एका सकाळीत त्यांची कर्जं फुगली. घर तेवढंच, हप्ता मोठा.

---

चष्मेबहाद्दर

आणि सायप्रसचं राहिलंच. १९७४ नंतर बेट दुभंगलं. उत्तरेकडे स्वस्त बंगले मिळतात, पण त्यातल्या कित्येक जमिनी दक्षिणेला पळालेल्या ग्रीक सायप्रियट कुटुंबांच्या आहेत. एका ब्रिटिश जोडप्याविरुद्ध मूळ मालकाने दक्षिणेच्या कोर्टात दावा जिंकला. उत्तरेत तो बजावता येईना. तेव्हा एप्रिल २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की हा निकाल ब्रिटनमध्ये बजावता येईल. म्हणजे सुट्टीच्या बंगल्यापायी मायदेशातली मालमत्ता अडचणीत. अलीकडे अशा जमिनींच्या विक्रीवरून अटकाही झाल्या आहेत.

---

फुकटफौजदार

धागाकर्ती कुठे आहेत? घाबरून झोपल्या का?

---

निळावंती

आले आले. नऊ दिवसांनी आले, क्षमस्व. मध्ये बरंच घडलं.

इसार भरला नाही. एजंटशी काही संबंध नसलेली एक वकील शोधली, शहर वेगळं, फी आम्हीच देणार. तिने पहिल्याच दिवशी नोटा सिंपले काढला. घराची नोंद ८४ चौरस मीटर. आम्हाला विकत होते १२१. फरक कुठला, तर ती काचेची गच्ची आणि मागची खोली. दोन्ही विनापरवाना. तलावाची तर कुठे नोंदच नाही. कागदावर तिथे अंगण आहे.

हे विचारल्यावर एजंटचं उत्तर मोठं गोड होतं: "इथे सगळ्यांचंच असं असतं, कुणी विचारत नाही." वकील म्हणाली, "विचारतात. तुम्ही विकायला काढाल तेव्हा." बँकेच्या मूल्यांकनकाराने फक्त नोंदलेले ८४ धरले, त्यामुळे कर्जही तेवढ्याच हिशेबाने. आणि ती मागची दोन गिऱ्हाइकं अजून मागेच उभी आहेत म्हणे.

जमीन मात्र बांधकामाचीच निघाली, किनाऱ्यापासूनही लांब. चष्मेबहाद्दर, तुमच्यामुळे हे आधी तपासलं. वकिलीणबाईंनी आणखी एक सांगितलं जे इथे कुणी लिहिलं नाही. घर भाड्याने न देता नुसतं बंद ठेवलं तरी तिथे रहिवास नसलेल्या मालकाला दरवर्षी मानीव उत्पन्नावर, म्हणजे घरातून मिळालं असं नुसतं धरलेल्या उत्पन्नावर, कर भरावा लागतो. पुष्कळांना हे विकताना कळतं, कारण विक्रेता परदेशवासी असेल तर खरेदीदार ३ टक्के कापून कर खात्यात भरतो आणि मागची थकबाकी त्यातून वळती होते.

आम्ही विक्रेत्याला लिहून पाठवलंय. आधी बांधकाम नियमित करून नोंदीत आणा, मग इसाराचा करार. करारात हेही की त्याने शब्द मोडला तर दुप्पट परत, तिथल्या कायद्यात तशी सोय आहे. उत्तर यायचंय. नवऱ्याचं म्हणणं, सोडून दे, दुसरं बघू. माझा जीव त्या गच्चीत अडकलाय.

---

भटकभवानी

बघा, स्वतंत्र वकील! मी आधीच म्हटलं होतं. (पाठ थोपटून घेते.)

गच्चीचं सांगू का? काच काढून बघा. उघडी गच्ची जास्त छान लागते आणि बेकायदा बांधकामही उरत नाही.

---

कोरा कागद

वकिलीणबाईंचा खाते क्रमांक समोर बसून घेतलात ना?

---

निळावंती

घेतला. वहीत लिहून, तिची सही घेऊन. ती हसली पण केली.

---

आळशी अजगर

सगळं ठीक, पण जो तलाव कागदावर नाही त्यात पोहलं तर ओलं व्हायला होतं का?